वरण-भाताची जोडी, मीठ-साखरेचं माप: अमिनो आम्लं आणि इलेक्ट्रोलाइट्स घरच्या घरी कशी सांभाळायची

एप्रिल उजाडला की पुण्यातल्या मेडिकलच्या काउंटरवर रंगीत पाकिटांची रांग लागते. ऑरेंज, लिंबू, सफरचंद अशा चवींची इलेक्ट्रोलाइट पेयं. चार दुकानं पुढे गेलं की सप्लिमेंटचं दुकान, तिथे प्रोटीनचे आणि अमिनो आम्लांचे भले मोठे डबे. घेणारा दोन्हीकडे एकच विचारतो, ‘यातलं चांगलं कुठलं?’ त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न असा, की माझ्या पोटात रोज काय जातं, कशाबरोबर जातं आणि किती जातं? अमिनो आम्लांचा फायदा जोडीवर ठरतो आणि क्षारांचा मापावर. निरोगी माणसाला या दोन्ही गोष्टी आपल्या नेहमीच्या स्वयंपाकघरात जमतात. कसं, ते एकेक पायरीने पाहू.

आधी शरीरात काय चालतं ते

आपण डाळ खाल्ली, अंडं खाल्लं, दूध प्यायलो, तरी शरीर ते प्रथिन आहे तसं वापरत नाही. त्याचे तुकडे करून अमिनो आम्लं वेगळी काढतं आणि त्यांतून स्वतःला हवी ती प्रथिनं बांधतं. अशी मुख्य अमिनो आम्लं २०. त्यांपैकी ९ शरीराला बनवता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, लायसिन, मिथिओनिन, फेनिलअॅलॅनिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन आणि हिस्टिडिन.

प्रथिन म्हटलं की लोकांना दंड आणि छाती आठवते, पण यादी फार लांब आहे. ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत निरोप पोचवणारं सेरोटोनिन बनतं. टायरोसिनपासून थायरॉइडची संप्रेरकं आणि अॅड्रिनलिन. आर्जिनिनपासून रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड. त्वचा, सांधे, हाडं यांना धरून ठेवणाऱ्या कोलॅजेनमध्ये दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन असतं. जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडीज तर सबंध प्रथिनांच्याच. आणि जादा चरबी जशी साठते तशी अमिनो आम्लांची कोठी शरीरात नसते. खाण्यातून कमी पडली की शरीर ती स्नायू मोडून काढतं. मोठ्या तापातून उठलेल्या माणसाच्या मांड्या वाळलेल्या दिसतात, त्या यामुळेच.

इलेक्ट्रोलाइट्स म्हणजे पाण्यात विरघळल्यावर विद्युतभार वाहणारे क्षार: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, फॉस्फेट. सोडियम मुख्यतः पेशीच्या बाहेर, पोटॅशियम आत. ही विभागणी आपोआप टिकत नाही. प्रत्येक पेशीच्या पडद्यावर एक पंप अखंड चालू असतो. तो एका फेरीत ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोव यांनी १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला आणि १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण स्वस्थ पडून असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेतला जवळपास पाचवा हिस्सा या पंपावर खर्च होतो. हृदयाचा ठोका, मेंदूचा निरोप, बोटाची हालचाल, सगळं या विभागणीवर चालतं.

आता या दोन विषयांची गाठ कुठे पडते ते पाहा. लहान आतड्याच्या पेशींना ग्लुकोज आणि बरीचशी अमिनो आम्लं आत ओढून घ्यायला सोडियम लागतं. सोडियम आत शिरताना त्यांना सोबत घेऊन येतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी येतं. मीठ, अन्न आणि पाणी ही तिन्ही एकमेकांच्या आधाराने शरीरात जातात. हे एवढं डोक्यात बसलं की जुलाबात नुसतं पाणी का पुरत नाही, व्यायामानंतर खारं ताक का बरं वाटतं, असे बरेच प्रश्न सुटतात.

पायरी १: आपला आकडा काढा

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिन लागतं. ५५ किलोच्या बाईला साधारण ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत यात साधारण ९.५ ग्रॅमची आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमची भर. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने १७ ग्रॅम जादा. साठीच्या पुढे स्नायू झपाट्याने उतरतात, म्हणून वृद्धांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरावं असं अनेक तज्ज्ञ सांगतात. नियमित कसून व्यायाम करणाऱ्यांसाठी १.२ ते २ ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर यातला एकही आकडा स्वतः लावू नका. त्यांचं प्रथिन आजाराच्या टप्प्याप्रमाणे ठरतं. डायलिसिसच्या आधी कमी असतं आणि डायलिसिस सुरू झाल्यावर वाढतं.

पायरी २: कालचं जेवण कागदावर मांडा

एकदाच करायचं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या आणि डाळ शिजवण्याआधी मोजा. शिजलेल्या आमटीची वाटी मोजून काही कळत नाही, कारण एका घरची आमटी दाट असते आणि दुसऱ्या घरची पळीने ओतावी अशी पातळ. वाटी तीच, डाळ मात्र निम्मी. आमटीत माणशी किती ग्रॅम कोरडी डाळ पडली, एवढंच बघायचं.

ढोबळ हिशेबासाठी हे आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवता येतील:

- ३० ग्रॅम तूरडाळ किंवा मूगडाळ: ६.५ ते ७ ग्रॅम प्रथिन
- ४० ग्रॅम कोरडी मटकी, मोड आणून उसळ: साधारण ८ ग्रॅम
- ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं: ८ ग्रॅमच्या आसपास
- ३० ग्रॅम शेंगदाणे: ७ ग्रॅम
- एक अंडं: ६ ग्रॅम
- २०० मिली दूध: ६.५ ते ७ ग्रॅम
- ५० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी: ५ ग्रॅम
- ६० ग्रॅम तांदळाचा भात: ४.५ ते ५ ग्रॅम
- १०० ग्रॅम चिकन: २० ग्रॅमच्या वर
- साबुदाणा: जवळपास शून्य

आता एका शाकाहारी, ५५ किलोच्या बाईचा दिवस मांडू. सकाळी दुधाचा चहा आणि शेंगदाणे घातलेले कांदेपोहे: ११ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, ३० ग्रॅम डाळीची आमटी, एक भाजी, वाटीभर दही: १९ ग्रॅम. संध्याकाळी मूठभर फुटाणे: ६ ग्रॅम. रात्री भाकरी, मटकीची उसळ, पेलाभर ताक: १५ ग्रॅम. झाले ५१. लागत होते ४६. एकही डबा न उघडता.

याच दिवसातून फुटाणे गेले आणि त्या जागी चहा-खारी आली, रात्री उसळीऐवजी बटाट्याची भाजी झाली, आमटी पातळ पडली, दही ‘नको, सर्दी होते’ म्हणून राहिलं, तर आकडा तिशीवर येतो. पुण्यातल्या कितीतरी घरांत नेमकं हेच होतं, आणि त्यातही घरातल्या बाईच्या ताटात. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात उरते ती वरची निवळ. आमटी ढवळून वाढायची आणि तिच्या वाटणीची वाटी आधी काढून ठेवायची. मला हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा सल्ला वाटतो.

पायरी ३: जोडी जमवा

तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन कमी असतं. डाळींत आणि कडधान्यांत लायसिन भरपूर, पण मिथिओनिन कमी. माळ ओवताना एका रंगाचे मणी संपले की बाकीचे कितीही उरले तरी माळ तिथेच थांबते. अमिनो आम्लांचंही तसंच आहे. म्हणून वरण-भात, पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट-भात या जोड्या इतक्या पक्क्या बसल्या आहेत. भाजणीत तर धान्यं आणि डाळी एकाच डब्यात येतात.

दोन्ही एकाच घासात हवीत का? गरज नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेली तरी शरीर जमवून घेतं. मात्र प्रमाण सांभाळा. डोंगराएवढा भात आणि त्यावर चमचाभर वरण ही जोडी नावापुरतीच. चवीला सोसेल तिथवर डाळ वाढवायची आणि भात कमी करायचा. सोबत दूध, दही, ताक किंवा अंडं आलं की उरलीसुरली कसर भरून निघते. त्या प्रथिनांत नऊही अमिनो आम्लं पुरेशी असतात. सोयाबीनचंही तसंच, पण सोयाबीन नीट शिजवा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन अडवणारे घटक असतात आणि ते उष्णतेनेच जातात.

मोड आणल्याने प्रथिन वाढतं हा समज काढून टाका. मोड आलेल्या मटकीत पाणी वाढतं, त्यामुळे १०० ग्रॅममागे प्रथिन उलट कमी भरतं. वाढते ती पचनाची सोय. लोह आणि जस्त धरून ठेवणारं फायटेट उतरतं. भिजवणं, आंबवणं यांचाही हाच फायदा. इडली, आंबोळी, आंबील चांगली ती यासाठी.

उपवासाचा दिवस वेगळा बघायला हवा. साबुदाणा, बटाटा, रताळं एवढ्यावर दिवस काढला तर प्रथिन जवळजवळ नाहीच. वरईचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी घ्या, राजगिऱ्याची भाकरी घ्या, दूध-दही घ्या. राजगिऱ्यात धान्यांपेक्षा लायसिन चांगलं असतं. आठवड्याला दोन उपवास करणाऱ्या आजींच्या बाबतीत ही बारीकशी गोष्ट राहत नाही.

पायरी ४: दिवसभरात वाटून घ्या

एकाच जेवणात सगळं प्रथिन कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळांत विभागून घेणं बरं, विशेषतः वयस्कांना. स्नायू बांधायला सुरुवात करून देण्याचं काम ल्युसिन करतं आणि वयाबरोबर त्यासाठी एका वेळी जास्त प्रथिन लागतं. चहा-बिस्किटाचा नाश्ता तिथे कामाचा नाही. मुगाचं धिरडं, अंडं, दूध-नाचणीची खीर, दाण्याची चटणी लावलेली भाकरी, यांतलं काहीही चालेल. आणि थोडं चालणं, जिने चढणं किंवा खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा व्यायाम सोबत हवाच. स्नायूंना काम दिलं नाही तर खाल्लेलं प्रथिन तिथे लागत नाही.

डब्याबद्दल थोडक्यात. बीसीएएच्या डब्यात नऊपैकी तीनच अमिनो आम्लं असतात: ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन. तुमचं दिवसाचं प्रथिन पुरत असेल तर तो खर्च वाया जातो आणि पुरत नसेल तर उरलेली सहा कुठून आणणार? व्हे प्रोटीन हे दुधातलंच प्रथिन आहे. एका स्कूपमध्ये साधारण २० ते २५ ग्रॅम मिळतं. ज्याचा आकडा जेवणातून गाठला जात नाही त्याने घ्यायला हरकत नाही. घेताना एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा परवाना क्रमांक पाहा आणि घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं घातलंय का ते वाचा. प्रथिनाची चाचणी बहुधा नायट्रोजन मोजून होते, त्यामुळे ही स्वस्त आम्लं मिसळून आकडा फुगवता येतो. आणि नैराश्याच्या गोळ्या चालू असताना ट्रिप्टोफॅनसारखं एकेकटं अमिनो आम्ल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नका. सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

पायरी ५: रोजचं मीठ मोजा

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. त्यात २ ग्रॅम सोडियम असतं. ताटातलं मीठ मोजणं अवघड, पण पुडा मोजणं सोपं आहे. नवा पुडा फोडला की त्यावर पेनाने तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम पुरायला हवं, आणि त्यातही फरसाण, पाव, बिस्किटं, बाहेरची मिसळ यांचं मीठ धरलेलं नाही. किलोचा पुडा तीन आठवड्यांत संपत असेल तर उत्तर मिळालं. लोणचं-पापडाचं वर्षाचं मीठ घातलं असेल तर ते वजा करा.

सैंधव घेतल्याने सोडियम वाचत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. शिवाय बऱ्याचदा त्यात आयोडीन घातलेलं नसतं. ‘लो सोडियम’ मिठाबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे, ते वाचल्याशिवाय आणू नका.

पोटॅशियम उलट बहुतेकांच्या जेवणात कमी पडतं. पालेभाज्या, डाळी, केळी, रताळी, शहाळं, ताक यांत ते मिळतं. मॅग्नेशियम डाळी, दाणे, तीळ, ज्वारी-बाजरीतून. कॅल्शियमसाठी दूध-दही आणि नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. रोज भाकरी, भाजी, डाळ, दही खाणाऱ्याला यासाठी वेगळी गोळी सहसा लागत नाही.

पायरी ६: घामाचा हिशेब

रविवारी सकाळी सिंहगड चढणारे, पर्वती-तळजाईला पळणारे, मॅरेथॉनची तयारी करणारे, यांच्यासाठी एक साधी चाचणी आहे. निघण्याआधी आणि परत आल्यावर, घाम पुसून, कमी कपड्यांत वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. मध्ये जे प्यायलात ते त्यात मिळवा. वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरत असेल तर पाणी कमी पडतंय. आणि वजन वाढलं असेल, तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पिताय.

हा दुसरा धोका लोकांना माहीत नसतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं, आणि पळताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात ते ठळक होतं. घामातून मीठ गेलं, वर साधं पाणी भरभरून प्यायलं, रक्त पातळ झालं. म्हणून तहान लागेल तसं प्या. तासाभराच्या व्यायामाला पाणी आणि नंतर जेवण पुरतं. दीड-दोन तासांच्या वर, उन्हात, कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग पडत असतील तर खारं काहीतरी हवं. गडावर मिळणारं ताक आणि पिठलं-भाकरी यासाठी उत्तम आहे: पाणी, मीठ, पोटॅशियम, प्रथिन सगळं एका बैठकीत. घरून न्यायचं असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, कोकम किंवा कैरीचं पन्हं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, त्यामुळे खूप घाम गेल्यावर शहाळ्याबरोबर खारे दाणे घ्या.

आषाढवारीत पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा शहर वारकऱ्यांसाठी जमेल ते करतं. माउलींची पालखी इथून दिवे घाट चढून सासवडला जाते, आणि ती वाटचाल मोठी असते. वाटपात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे बहुतेक सगळेच आणतात. त्याऐवजी मिठाचं ताक, फुटाणे-गूळ, शेंगदाण्याची चिक्की, केळी ठेवा. साठीतली माणसं दिवसभर चालतात. त्यांना मीठ आणि प्रथिन दोन्ही हवं असतं.

पायरी ७: जुलाब-उलट्या झाल्या तर

इथे मापाची चूक महागात पडते, म्हणून सावकाश वाचा.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत आले आणि कॉलरा पसरला. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या केल्या, ते पाणी पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आलं. वर सांगितलेली सोडियम-ग्लुकोजची सोबत कॉलऱ्यातही शाबूत राहते, म्हणून हे साधलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

आजच्या ओआरएसच्या एक लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं, एकूण २०.५ ग्रॅम. पाकिटावर हे आकडे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख शोधा. वर्षानुवर्षं भरपूर साखरेची तयार पेयं ‘ओआरएस’ या नावाखाली विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध नेटाने पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने सूत्राबाहेरच्या पेयांना हे नाव वापरायला मनाई केली. जादा साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. कोल्ड्रिंक आणि पॅकबंद ज्यूस जुलाबात देऊ नये, ते यासाठीच.

पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्येच. ‘थोडं पेल्यात घालू, बाकी उद्या’ हे चालत नाही, पुडीतले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही. पाणी उकळून गार केलेलं. तयार झालेलं २४ तासांत संपवा, उरलं तर ओता.

पाकीट नसेल तेव्हा घरी:

- १ लिटर उकळून गार केलेलं पाणी
- ६ सपाट चहाचे चमचे साखर
- अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ

‘सपाट’ हा शब्द सोडू नका. चमचा डब्यात बुडवून वर काढा, सुरीची पाठ त्याच्या कडेवरून सरकवा आणि वरचा ढीग डब्यात पडू द्या. शीग भरलेल्या चमच्यात मीठ दीडपट-दुप्पट जातं आणि तान्ह्या बाळाला ते घातक ठरू शकतं. मग चव घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा. या घरगुती पाण्यात पोटॅशियम नाही, म्हणून सोबत कुस्करलेलं केळं, वरणाचं पाणी, मिठाची पेज द्या.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं. चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवणही तोडायचं नाही. मऊ भात, मुगाची खिचडी, दही द्या, कारण आतड्याचं अस्तर भरून यायलाही अमिनो आम्लं लागतात. सहा महिन्यांपुढच्या मुलांना १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त देतात, त्याखालच्या बाळांना १० मिलिग्रॅम. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मधुमेह असलेल्यांनीही जुलाबात ओआरएस घ्यावं, फक्त साखर तपासत राहावी.

पुणेकरांनी एक आणखी लक्षात ठेवावं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन-बारी सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते त्या आजाराचे, रुग्ण एकदम वाढले. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी पायांत मुंग्या, जिना चढता न येणं, अशक्तपणा पायांकडून वर सरकणं, असं काही दिसलं तर ‘क्षार कमी झाले असतील’ म्हणून सरबत देत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पायरी ८: रिपोर्ट आणि गोळ्या एकत्र वाचा

रक्तात सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर हे सर्वसाधारण पट्टे. पट्ट्याबाहेरच्या आकड्यामागे बऱ्याचदा एखादी गोळी असते.

‘आजींचं सोडियम कमी झालं’ हे वाक्य पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत ऐकू येतं. बहुतेक वेळा गोष्ट अशी असते: रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, मीठ तोडलेलं, जेवण दोन घास, आणि ‘पाणी भरपूर प्या’ म्हणून दिवसभर पाणी. आजी नातवाचं नाव विसरतात, तोल जातो, झोपाळल्यासारख्या बसतात. घरच्यांना वाटतं वयोमान. अशा वेळी रक्त तपासा. मिठाचं पाणी घरी पाजू नका, गुंगीतल्या माणसाला ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि सोडियम झटकन वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून दवाखान्यातही ते तास मोजत हळूहळू वाढवतात. ‘अजून वर का येत नाही’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नये.

पोटॅशियमचा धोका वेगळा आहे, ते वाढलं तर हृदय थांबू शकतं. लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मूत्रपिंड अधू असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारख्या गोळ्या चालू असतील, तर ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डायलिसिसच्या रुग्णाला भेटायला जाताना शहाळं नेऊ नका. प्रेमाने नेलेलं शहाळं तिथे खरोखर घात करतं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी टाकलं तर पोटॅशियम कमी होतं, पण किती खायचं ते त्यांच्या आहारतज्ज्ञाने ठरवायचं.

काहीही त्रास नसताना पोटॅशियम एकदम जास्त आलं तर नमुना पुन्हा द्यायला लागतो का ते त्याच दिवशी विचारा. रक्त काढताना मूठ जोरजोरात आवळली किंवा नळीत रक्तपेशी फुटल्या तर आतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा खोटा वाढतो. पोटॅशियम वारंवार कमी येत असेल तर मॅग्नेशियम तपासायला सांगा. मॅग्नेशियम भरल्याशिवाय पोटॅशियम ठरत नाही, आणि अॅसिडिटीच्या पँटोप्राझोल-ओमेप्राझोलसारख्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्याने मॅग्नेशियम उतरू शकतं. कॅल्शियमचा आकडा अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाच्या आकड्याबरोबर वाचायचा, कारण रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रथिनांना चिकटून फिरतं.

तपासणीला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, त्यांत जिमचा डबा आणि आयुर्वेदिक चूर्णंही घ्या. खालीलपैकी काही असेल तर मात्र रिपोर्टची वाट न बघता १०८ ला फोन करा: मूल निपचित पडलंय, डोळे खोल गेलेत, रडताना पाणी येत नाही, सहा तास लघवी नाही, चिमटीत धरलेली पोटाची कातडी सावकाश बसते, शौचात रक्त आहे, मोठ्या माणसाला झटका आला, शुद्ध हरपते आहे, छातीत ठोके चुकतात, किंवा उन्हातून आल्यावर अंग तापलेलं आहे आणि बोलणं असंबद्ध झालंय.